शब्दचर्चा: ‘टेम्पररी’ला ‘हंगामी’ म्हणावं का?

भाची सांगलीत अनुवादाची कामं करते. परवा तिनं विचारलं, “मामा, करारात ‘टेम्पररी वर्कर’ आलंय. ‘हंगामी कामगार’ लिहू ना?” मी नको म्हणालो. पुण्या-मुंबईत ते खपून जाईल, आपल्या ऊसपट्ट्यात नाही.

साखर कारखान्यात कामगार ‘कायम’ असतो, ‘हंगामी’ असतो आणि ‘हंगामी कायम’ही असतो. नवख्याला हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात ते कळत नाही. पण गळीत सुरू झालं की तो कामावर, संपलं की घरी, आणि पुढच्या हंगामात त्याची जागा त्याचीच. इंग्रजीत हा ‘सीझनल’. ‘टेम्पररी’ माणसाला पुन्हा बोलावतीलच असं त्या शब्दात कुठंच नाही. कागदावर ही गल्लत झाली तर माणसाच्या हक्काचा प्रश्न येतो, म्हणून मी एवढा हट्ट धरतो.

विधानसभेतल्या ‘हंगामी अध्यक्षा’ला मात्र माझी हरकत नाही. तो ‘प्रोटेम’, म्हणजे नवा अध्यक्ष निवडेपर्यंतचा. ‘प्रोटेम’ आणि ‘टेम्पररी’ दोन्ही लॅटिन ‘टेम्पस’मधून आले, अर्थ काळ. फारसी ‘हंगाम’ही मूळचा वेळ, काळ याच अर्थाचा. तिथं जुळतं.

माझी पसंती ‘तात्पुरता’ला. त्यातला ‘पुरता’ पुरण्याशी जोडलेला आहे: तेवढ्या गरजेला पुरेल इतकाच. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट. नदीकाठची माणसं घरं सोडून शाळांत, मंगल कार्यालयांत राहिली, त्याला सगळे ‘तात्पुरतं स्थलांतर’ म्हणत होते. परत जायची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पाणी उतरेपर्यंत, एवढंच. ‘टेम्पररी’ नुसता काळ सांगतो, ‘तात्पुरता’ कशापुरतं तेही सुचवतो.

‘तात्कालिक’ यात ओढू नये. युद्धाचं तात्कालिक कारण म्हणजे लगेचचं, ठिणगी टाकणारं कारण. थोडे दिवस टिकणारं नव्हे.

भाचीनं ‘तात्पुरता कामगार’ लिहिलं. तिच्या आजीनं ते वाचून विचारलं, “म्हंजी टेंपरवारी लागलाय व्हय?” हो, अगदी तेच.