पुरवठा साखळी गुंतागुंतीची असेल तर जोडावी, की आधी सुटसुटीत करावी?

वेर्णेकर:
गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी खरेदी पाहतो. कच्ची पावडर चीनहून न्हावाशेवामार्गे येते, बाटल्या गुजरातच्या, पुठ्ठ्याची खोकी इथलीच. आता सगळ्या पुरवठादारांना एका पोर्टलवर आणायचं ठरलंय. माझं मत: साखळी जितकी गुंतागुंतीची, तितकी जोडणी, म्हणजे सगळ्यांना एकमेकांची माहिती दिसणं, जास्त हवी. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी पाहा. गिऱ्हाईक थोडं वाढतं, दुकानदार दीडपट मागवतो, घाऊकवाला दुप्पट. ही फुगत जाणारी मागणी जे फॉरेस्टर या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्येच मांडून दाखवली होती. पुढे तिला बुलव्हिप इफेक्ट म्हणू लागले. खरा खप सगळ्यांना दिसला तर हा फुगा फुटतो.

म्हापशेकर:
कागदावर फुटतो. तुमच्या खोकीवाल्याला विचारा. त्याची तीन गिऱ्हाइकं, तिघांची तीन पोर्टलं, तीन पासवर्ड, आणि हे सगळं भरायला एकटा त्याचा भाचा. गुंता कमी झाला नाही, तुमच्या टेबलावरून त्याच्या टेबलावर गेला.
आमची भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते. पहाटे एक फोन: किती क्रेट, भाव काय. वीस वर्षं चाललंय.

सत्तरीची सून:
आणि मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा? भाजीसाठी लोक वणवण फिरले. तुमचा एक फोन आणि एक घाट!

म्हापशेकर:
ताई, रस्ताच बंद असेल तर सॉफ्टवेअर काय ट्रक उडवणार? तिथे दुसरा पुरवठादार लागतो. आणि दुसरा धरला की गुंता वाढतोच. म्हणजे सगळीच गुंतागुंत वाईट नसते.

वेर्णेकर:
हे मात्र पटलं.

फोंड्याचा मास्तर:
दोघेही ऐका. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमध्ये करिया इथे आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा, आणि साठा अगदीच थोडा. टोयोटाच्या असेंब्ली लाइन बंद पडल्या. घट्ट जोडणीची ही किंमत. पण आठवड्याभरात गाडी रुळावर आली, कारण इतर पुरवठादार धावले. शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व्ह करून दिले.

वेर्णेकर:
म्हणजे जोडणीनेच वाचवलं ना!

म्हापशेकर:
ती ओळखीची जोडणी, बाबा. वर्षानुवर्षं एकत्र काम केल्याची. पासवर्डची नव्हे.

सत्तरीची सून:
ओळख बेळगावच्या व्यापाऱ्याशी असते. त्याच्या मागचा शेतकरी कुठल्या गावचा, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

म्हापशेकर:
नाही. खोटं कशाला बोलू.

वेर्णेकर:
माझंही तेच. पावडर विकणारा माहीत, त्याला रसायन देणारा नाही. पोर्टलमध्येही पहिल्याच पायरीचे पुरवठादार घेतलेत.
सोमवारी मीटिंग आहे. खोकीवाल्यांना पोर्टलमधून वगळून दर आठवड्याला मागणीचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, असं सुचवतो. आणि आपल्याला ४६ मापांची खोकी का लागतात, तेही विचारतो.

म्हापशेकर:
४६? अरे देवा. ते आधी विचारा.