गॅस गिझरची फ्लेम पिवळी झालीय, घरीच साफ केला तर चालेल का?

आनंदनगर_वाली
नमस्कार मंडळी. आमचा सिलेंडरवरचा गॅस गिझर सहा वर्षांचा आहे, बाथरूममधेच बसवलाय, दाराच्या वर. आधी मस्त निळा पेटायचा पण दिवाळीपासून फ्लेम पिवळी येतेय आणि वरच्या झाकणावर काजळी धरलीय, बोट फिरवलं की काळं होतं. पुण्यात थंडी पडली की सगळ्यांनाच सर्विसिंग आठवतं त्यामुळे माणूस आठ दिवसांनी येतो म्हणाला. तोपर्यंत मी कव्हर काढून ब्रशने साफ करू का? सकाळी गारठा असतो म्हणून खिडकी लावूनच आंघोळी होतात, एक्झॉस्ट आहे पण सासूबाईंना आवाज सहन होत नाही. त्यांचं दोन दिवस डोकं दुखतंय, तो थंडीचा त्रास असेल बहुधा.

कोथरूडचा_दादा
ताई, साफसफाईचं नंतर बघू, आधी तो गिझर आजपासून बंद करा. पिवळी फ्लेम आणि काजळी म्हणजे गॅस पूर्ण जळत नाहीये, हवा कमी पडतेय नाहीतर बर्नर चोंदलाय, आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते, ह्याचं तसं काहीच नाही, तो ऑक्सिजनच्या आधी रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही त्याचीच सुरुवातीची लक्षणं. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि बंद बाथरूममधे गॅस गिझर आहे हे आपणहून सांगा, नाहीतर सर्दीच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील.

वाघोली_टँकरग्रस्त
दादांशी १०० टक्के सहमत. मी स्वतःचा दोनदा खोललाय म्हणून सांगतो, काय करायचं आणि काय नाही ते. रेग्युलेटर बंद, पाणी बंद, सेल काढायचे, गार होऊ द्यायचा. कव्हरचे स्क्रू काढले की खाली बर्नरच्या पट्ट्या दिसतात, त्यावरची धूळ, कोळ्याची जाळी जुन्या टूथब्रशने कोरड्याच झाडायची. पाणी मारायचं नाही. आणि जेटच्या भोकात पिन किंवा तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो आणि काजळी वाढते, माझ्या शेजाऱ्यांनी हेच केलं होतं. पाणी येतं तिथली बारीक जाळी काढून धुवायची, आमच्याकडे बोरचं पाणी असल्यामुळे ती दर दोन महिन्यांनी पांढरी होते. पण वरच्या तांब्याच्या कॉइलच्या पात्यांत काजळी बसली असेल तर ते काम घरी करू नका, आणि नळ बंद केल्यावरही बर्नर पेटता राहत असेल तर आतला रबरी डायफ्राम किंवा वॉल्व गेला असं समजा, तेही माणसाचंच काम. गॅसच्या पाइपवर तारीख छापलेली असते ती बघा, ५ वर्षं झाली की बदलायचा. जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढून नाही!!

आनंदनगर_वाली
बापरे. गिझर बंद केलाय, सासूबाईंना घेऊन निघतेच आहे. पण मग एक्झॉस्ट लावून सर्विस केलेला गिझर चालेल ना?

सदाशिवपेठेतली_मावशी
नाही गं बाळा, तो बाथरूममधे नकोच. सगळं दार खिडकी बंद आणि नुसता पंखा लावला तर तो हवा बाहेर ओढतो, पण आत यायला वाट नको का? दाराला खाली जाळी हवी, वर हवा जायला जागा हवी, आणि हे असूनसुद्धा मी आत ठेवणार नाही. माझी भाची तीन वर्षांपूर्वी आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. वीस मिनिटं पाण्याचा आवाज चालू, हाक मारली तर ओ नाही. कडी लावली नव्हती म्हणून दार ढकलता आलं, पोर बादलीशेजारी पडलेली, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. गॅलरीत मोकळ्या हवेत आणली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी बोलायला लागली. अजून तो पाण्याचा आवाज कानात आहे. आमच्या वाड्यात बंब होता तो बाहेर पडवीत असायचा, धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप लांब व्हायचा. ह्याचा धूर दिसत नाही गं.

कोथरूडचा_दादा
मावशी म्हणतात तेच. ड्राय बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. अजून एक, पुढे पाइप गॅस घेतलात तर गिझरचे जेट बदलून घ्यावे लागतात, सिलेंडरचे वेगळे असतात, नुसती नळी जोडून चालत नाही. आणि गळतीचा वास आला तर बटणं न दाबता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ लावा, एलपीजीसाठी तो नंबर चोवीस तास असतो.

आनंदनगर_वाली
अपडेट देते. डॉक्टरांनी सगळं विचारलं, रक्त तपासलं, दोन तास ऑक्सिजनवर ठेवून घरी सोडलं, आता डोकं उतरलंय. गिझर प्लंबरने ड्राय बाल्कनीत हलवला, कॉइल मेकॅनिकने साफ केली, आता फ्लेम निळी आहे. पाइप लांब झाल्यामुळे पहिलं अर्धी बादली पाणी गारच येतं, ते झाडांना घालतोय. गॅसच्या पाइपवरची तारीख २ वर्षांपूर्वीच संपलेली निघाली, तोही बदलला. मावशी, सासूबाई तुमच्या भाचीची चौकशी करतायत, ती आता बरी आहे ना?

सदाशिवपेठेतली_मावशी
ठणठणीत आहे गं. कडी मात्र अजूनही लावत नाही, दाराबाहेर टॉवेल अडकवते.