धोका पायातल्या कड्याचा कमी, पांगापांगीचा जास्त

अभ्यासासाठी ओळख पटावी म्हणून पायात कडं घातल्यामुळे रानहंसांची पिलं दगावतात का, असं काहीजण विचारतात. माझ्या मते कड्यापेक्षा पकडण्याची रीत जास्त भोवते. उन्हाळ्यात मोठ्या हंसांची उड्डाणपिसं एकदम गळतात, पिलांनाही अजून उडता येत नसतं. तेव्हाच कडी घालायला अख्खा थवा हाकत जाळ्यात आणतात. सोडताना कुटुंबं पांगली की एकटं पडलेलं पिलू गारठतं, नाहीतर कोल्ह्याच्या किंवा कुरव (सीगल) पक्ष्याच्या तोंडी जातं. म्हणून सगळ्यांना एकदम सोडायलाच हवं! अर्थात, कड्यांशिवाय किती जगली हेही कळणार नाही.

हिवाळ्यात आपल्या वडोदऱ्याजवळ वढवाणा तलावावर पट्टकदंब नावाचे रानहंस येतात. डोक्यावर ते दोन काळे पट्टे अजून न उमटलेली, आईबापांना चिकटून राहणारी पिलं दिसली की मला हेच आठवतं. फोटोसाठी त्यांना उडवून लावू नका.