प्रति: प्राचीन डीएनएवरची नवी पुस्तके

प्राचीन सांगाड्यांतल्या डीएनएवरून भारतीयांचे पूर्वज कोण होते याचा शोध घेणाऱ्या पुस्तकांच्या चर्चेत पत्रकार टोनी जोसेफ यांचे ‘अर्ली इंडियन्स’ आणि जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइक यांचे पुस्तक या विषयावरचा शेवटचा शब्द म्हणून सुचवले गेले आहे. दोन्ही अवश्य वाचावीत. मात्र त्यांच्या पहिल्या आवृत्त्या २०१८ च्या आहेत आणि हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील सांगाड्यावरचा शोधनिबंध सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, हे ध्यानात ठेवूनच ती हाती घ्यावीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी दीर्घकाळ निगडित असलेले डॉ. वसंत शिंदे त्याचे पहिले लेखक आहेत.

तो निबंध मुळातून वाचताना मला सर्वांत भावली ती त्यामागची चिकाटी. उष्ण हवामानात डीएनए फार लवकर नष्ट होतो. त्यामुळे तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा, तोही अंतर्कर्णाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडातला, काही अंशी उपयोगी पडला, आणि तेवढ्यासाठीही शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करावी लागली. तिच्यात स्टेपमधील (युरेशियाच्या गवताळ मैदानांतील) पशुपालकांचा जनुकीय अंश आढळला नाही. हा निष्कर्ष एकटीवर उभा नाही, कारण गोनूर (तुर्कमेनिस्तान) आणि शहर-ए-सोख्ता (इराण) या प्राचीन स्थळांवरील ११ व्यक्तींची जनुकीय घडण तिच्याशी जुळते. तरीही एवढ्या विस्तीर्ण संस्कृतीच्या मानाने हा पुरावा तोकडाच आहे.

म्हणून अशी पुस्तके वाचताना मी आधी शेवटच्या टिपा उघडतो आणि कोणता दावा प्रसिद्ध निबंधावर, कोणता पूर्वप्रतीवर (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या मसुद्यावर) आधारला आहे, ते पाहतो. मराठी अनुवाद करणाऱ्या प्रकाशकांनी या टिपा कृपया गाळू नयेत.