चर्चा: कायद्याने पगार वाढवला की कामगाराच्या हातात काय पडतं?

आकडेमोड
बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांतलं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून ८,००० टकांवरून (टका हे तिथलं चलन) १२,५०० झालं. संघटना २३,००० मागत होत्या. दीडपट वाढ, ठीक; पण फोड बघा. मूळ वेतन ६,७००, बाकी घरभाडं, औषधपाणी, प्रवास, जेवणाचे भत्ते. ओव्हरटाइम दुप्पट, पण दुप्पट मूळ वेतनाची: ६,७०० भागिले २०८ तास, गुणिले दोन, म्हणजे तासाला ६४ टका. सगळा पगार २०८ ने भागला तर ६०. म्हणजे साध्या तासापेक्षा चारच टका जास्त! मग मालक नवी माणसं कशाला घेईल? आहेत त्यांनाच रात्री थांबवतो. भत्ते मूळ वेतनात घाला.

लाइनमास्तर
घाला, मालक ते टार्गेटमधून वसूल करेल. टी-शर्टला सहा मिनिटं प्रमाण वेळ (एक नग शिवायला ठरवून दिलेला वेळ) आणि २० मशीनची लाइन, म्हणजे शिलाईची रांग, धरा. पूर्ण क्षमतेला तासाला २०० नग, ६० टक्क्यांना १२०. मजुरी पाव पटीने वाढली की सुपरवायझर १५० मागतो. नगामागची मजुरी जिथल्या तिथे. हेल्पर कमी होतात, धागे ऑपरेटरनेच कापायचे, लघवीला उठायची चोरी. त्यापेक्षा कारखाने वाढू द्या. शेजारच्या गेटवर काम मिळत असलं की पगार आपसूक चढतो.

आकडेमोड
आपसूक? राणा प्लाझा ही ढाक्याजवळची कपडे कारखान्यांची इमारत; तिला आदल्या दिवशी तडे दिसले होते. २४ एप्रिल २०१३ ला खालची बँक बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं. इमारत कोसळली, ११३४ जीव गेले. शेजारची गेटं तेव्हाही होती.

खरेदीखातं
दोघंही मालकाशीच भांडताय. त्यानंतरचा अकॉर्ड, म्हणजे ब्रँड आणि कामगार संघटनांमधला कारखाना-सुरक्षेचा करार, चालला, कारण सही ब्रँडची होती आणि मोडला तर लवादाकडे नेता येत होतं. मालाच्या भावाला तसं बंधन नाही. ऑर्डरचा दर आधी ठरतो, वेतन मध्येच वाढलं तर फरक कारखान्याच्या माथी. २०२० मध्ये तर शिवून तयार मालाच्या ऑर्डरी रद्द झाल्या. वेतन वाढलं की दर वाढेल, हे कलम खरेदी करारातच हवं.

लाइनमास्तर
कलम आलं की काम यादीबाहेरच्या शेडमध्ये जाईल. तपासणी होते ती ब्रँडने जाहीर केलेल्या कारखान्यांचीच.

खरेदीखातं
ते पकडता येतं की! तुमचीच लाइन घ्या: तासाला १५०, आठ तासांत १,२०० नग. अशा दोन लाइनींचा कारखाना रोज ५,००० नग पाठवत असेल, तर उरलेले कुठे शिवले ते बंडल कार्डं (कापलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांसोबतची नोंद) आणि ओव्हरटाइमची वही मागवून विचारायचं.