पोस्टातली माणसं डोकी मोजून सांगू नका, पगारी तास मोजून सांगा

हिशेबी_सोलापूरकर

पोस्टाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक जण म्हणतो पोस्टात माणसंच उरली नाहीत, दुसरा म्हणतो लाखांनी माणसं आहेत तरी काउंटरवर रांग का. दोघंही डोकी मोजतायत, आणि माझं स्पष्ट मत आहे की पोस्टात डोकी मोजून काहीही कळत नाही.

कारण असं की खेड्यातलं ब्रँच ऑफिस ज्यांच्या जिवावर चालतं ते ग्रामीण डाक सेवक, म्हणजे जीडीएस, पूर्ण वेळ नोकर नाहीतच. आधी त्यांच्या टीआरसीएचे, म्हणजे तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनाचे, ११ स्लॅब होते, जीडीएसच्या पगाराचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून दोनच लेव्हल राहिल्या, चार तास नाहीतर पाच तास. ब्रँच पोस्टमास्तरला, म्हणजे बीपीएमला, सुरुवातीला चार तासांचे १२,००० आणि पाच तासांचे १४,५००, एबीपीएम (त्याचा असिस्टंट) आणि डाक सेवकाला १०,००० आणि १२,०००, वर डीए म्हणजे महागाई भत्ता. आता तालुक्याच्या सब ऑफिसातला आठ तासांचा क्लार्क पण एक डोकं आणि हा चार तासांचा बीपीएम पण एक डोकं, हे कसं चालेल?

२०२४ ची जीडीएस भरती आठवा, ४४,२२८ जागा. सगळीकडे मथळा काय, तर पोस्टात ४४ हजार नोकऱ्या. याच जागा आठ तासांच्या हिशेबात बसवून बघा. सगळे चार तासवाले धरले तर २२,११४ पूर्ण वेळ माणसं होतात, सगळे पाच तासवाले धरले तर साडेसत्तावीस हजारांच्या आसपास, खरं उत्तर मधे कुठेतरी. म्हणजे मथळ्यातली सदतीस ते पन्नास टक्के माणसं कागदावरच गायब, आणि यात कोणी खोटं बोललेलं नाही, फक्त मोजायचं माप चुकीचं घेतलं.

म्हणून प्रत्येक ऑफिसचे महिन्याचे पगारी तास काढा, त्याला पूर्ण वेळ माणसाच्या तासांनी भागा आणि तो आकडा गावाला दिसेल असा बोर्डावर लावा. बीपीएमचे पाच आणि एबीपीएमचे चार मिळून नऊ तास, म्हणजे सव्वा माणूसपण नाही. "आमच्याकडे दोन कर्मचारी आहेत" हे वाक्य बंद झालं पाहिजे.

कोकणातली_वैशाली

अजिबात सहमत नाही, आणि जरा रागानेच लिहितेय.

माझे सासरे बीपीएम आहेत, चार तासवाले. तुमच्या हिशेबात आमचं पोस्ट म्हणजे अर्धा माणूस. आता चार तास म्हणजे काय ते ऐका. थैली यायची वेळ ठरलेली पण एसटी उशिरा आली की थैलीपण उशिरा, ती वेळ कोणी मोजत नाही. थैली फोडायची, शिक्के मारायचे, वाटपाचं एबीपीएमकडे द्यायचं, मग आरडीवाले, सुकन्यावाले, आणि मग आधारवर पैसे काढायला आलेल्या बायका. लाडकी बहीण सुरू झाल्यापासून हप्ता जमा झाला अशी बातमी आली की ओसरी भरते. शेतात राबलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उठत नाही हो, मग हात धुवून यायला सांगायचं, पदराला पुसायचा, दुसरं बोट, तिसरं बोट, तेवढ्यात रेंज जाते म्हणून डिव्हाइस घेऊन अंगणात यायचं, परत आधार नंबर टाकायचा आणि परत पहिल्यापासून अंगठा. त्यातून व्यवहार फेल झाला तर तो कामात धरलाच जात नाही, आणि ती बाई तर तिथेच बसलेली असते, तिला "जा" म्हणायचं कोणाच्या तोंडून निघतं?

हे सगळं चार तासांत मावत नाही, आणि चारच्या पुढचा प्रत्येक मिनिट बिनपगारी आहे. मग पगारी तास मोजून तुम्ही नेमकं काय मोजणार? खात्याने किती पैसे द्यायचे ठरवले ते. किती काम झालं ते नाही. उलट हा आकडा बोर्डावर लागला की वरचे म्हणतील बघा, काम अर्ध्या माणसात होतंय, मग जास्त द्यायचं कशाला.

करदाता_पुणे

ताई, सासऱ्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, मनापासून. पण एका ब्रँच ऑफिसवरून देशभराचं धोरण ठरवता येत नाही. आपल्याकडे दीड लाखाच्या वर पोस्टं आहेत आणि त्यातली दहात नऊ ग्रामीण भागात. काही ठिकाणी रांगा लागतात तशी काही ठिकाणी दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात हेही खरंच आहे. त्या दोन्ही ठिकाणी चार तासांचेच पैसे जातात.

बिनपगारी तास मोजा म्हणणं भावनिकदृष्ट्या पटतं, पण ते मोजणार कोण? ज्याने त्याने लिहून द्यायचे? मग महिन्याभरात सगळे आठ तासवाले होतील. पगारी तास हा एकच आकडा असा आहे की ज्याच्या मागे व्हाउचर आहे, ऑडिट आहे, कोणी बसल्या जागी तो फुगवू शकत नाही. धागाकर्त्यांना माझा पूर्ण पाठिंबा. आणि जीडीएसला उपजीविकेचं दुसरं साधन असलं पाहिजे हे नियमातच आहे, म्हणजे ही अर्धवेळ नेमणूक आहे हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

कोकणातली_वैशाली

दुसरं साधन म्हणजे आमची बाग. फवारणी सकाळी करायची असते आणि सकाळी पोस्ट. गेली काही वर्षं मजूर लावून करून घेतो आणि मजुरी जाते ती टीआरसीएमधूनच. नियम लिहिताना दुसरं साधन असावं एवढं लिहिलं, त्यासाठी वेळ कुठून येणार ते नाही लिहिलं.

जुना_सॉर्टर

नमस्कार मंडळी. आयुष्य टपालात गेलं, आरएमएसमध्ये (रेल्वेची टपाल सेवा) सुरुवात आणि शेवटी सब ऑफिस, त्यामुळे राहवलं नाही.

पगारी तास ही नवीन कल्पना नाही आणि ती एवढी सरळपण नाही. खात्यात टाइम टेस्ट फार जुनी आहे, बेवूर साहेबांच्या नावाने ओळखतात. प्रत्येक कामाला ठरावीक वेळ, एक रजिस्टर बुक केलं की इतके मिनिटं, एक मनीऑर्डर केली की इतके, वर्षभराची आकडेवारी घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून किती माणसं मंजूर व्हायला हवीत ते निघतं. म्हणजे कामावरून तास आणि तासावरून माणूस. सोलापूरकर उलटं करतायत, पगारावरून तास आणि तासावरून माणूस. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि माझ्या मते कमतरता किती ती या दोघांच्या फरकातच दिसते. नुसता एक आकडा बोर्डावर लावून काही होणार नाही.

दुसरं, पगारी तास म्हणजे खुर्चीवरचे तास नाहीत. क्लार्कला वर्षाला ३० अर्जित रजा आणि ८ किरकोळ. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस तीनशेच्या आतच राहतात. सगळी रजा घेतली तर आठ दिवसांतला एक दिवस माणूस पगारी आहे पण काउंटरवर नाही. म्हणजे कागदावर आठ क्लार्क असलेल्या ऑफिसात रोज बसणारे सातच, आणि त्यातला एक ट्रेझरीला, म्हणजे रोख सांभाळायला. सिंगल हँडेड, म्हणजे एकाच माणसाच्या, ऑफिसात तर विचारूच नका, तिथे रजा म्हणजे दुसऱ्या ऑफिसातून माणूस उचलायचा आणि ते ऑफिस उघडं पाडायचं.

तिसरी गंमत नाही, गोची आहे. बीपीएम पगारी रजेवर गेला आणि बदली बसवला तर रजेचे पैसे बीपीएमला आणि कामाचे पैसे बदलीला. दोन्ही धरलेत तर त्या महिन्यात ऑफिसचे पगारी तास वाढलेले दिसतात आणि काउंटर तेवढाच वेळ उघडा. याच्या उलट जागा रिकामी असली की शेजारच्या माणसाकडे जादा काम देतात आणि त्याला छोटासा भत्ता, तिथे पगारी तास कोसळलेले आणि काम मात्र जिथल्या तिथे. कोणत्या तासात काय धरलं हे लिहिल्याशिवाय हा आकडा दोन्ही बाजूंनी खोटं बोलेल.

विदर्भकर

सॉर्टर काकांशी १००% सहमत. आमच्याकडे नवीन पोरगा लागला, दहावीच्या मार्कांवर, घर दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. तो काही महिन्यांत सोडून गेला. भरती झाली म्हणून डोकं वाढलं, सोडून गेला म्हणून कमी झालं, पण मधल्या काळात गावाला तास किती मिळाले ते कोणत्याच यादीत नाही. निदान यासाठी तरी तास मोजावेत.

अटलांटातून_अमोल

इथला अनुभव सांगतो कारण तो नेमका यावर आहे. अमेरिकेच्या टपाल सेवेने आधी हजारो छोटी पोस्टं बंद करायची यादी काढली होती, लोकांनी खूप विरोध केला म्हणून २०१२ मध्ये पोस्टप्लॅन नावाची योजना आणली. जवळपास १३,००० छोट्या पोस्टांची कामं बघून खिडकीचे तास दिवसाला दोन, चार किंवा सहा असे केले. तिथे पूर्ण वेळ पोस्टमास्तरची जागा गेली आणि अर्धवेळ माणूस आला.

पोस्ट बंद झालं नाही हे खरं, त्याबद्दल श्रेय द्यायलाच पाहिजे. पण माझा प्रश्न असा की दोनच तास खिडकी उघडी असेल तर नोकरी करणारा माणूस तिथे जाणार कधी? तो मोठ्या गावात जाऊन काम उरकतो. मग पुढच्या मोजणीत त्या छोट्या पोस्टाचं काम अजून कमी दिसणार. कामावरून तास ठरवले आणि तासांनीच काम कमी केलं असं ते चक्र आहे. म्हणून वैशालीताईंची भीती मला खरी वाटते, तासांचा आकडा हातात आला की तो वाढवायला क्वचित वापरतात.

हिशेबी_सोलापूरकर

सगळ्यांचं वाचलं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण सॉर्टर काकांनी जे मांडलं त्याने तो पक्का होतो असं मला वाटतं.

एका ऑफिसचे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. टाइम टेस्टप्रमाणे लागणारे तास, पगार दिलेले तास, आणि त्यातले रजा, ट्रेनिंग वगैरे वजा करून प्रत्यक्ष बसलेले तास. बदलीचे तास वेगळे लिहा, रिकाम्या जागेचे तास शून्य म्हणून दाखवा, शेजाऱ्याच्या नावावर लपवू नका. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर मंजुरीच कमी आहे, दुसरा तिसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर रजा राखीव माणसं नाहीत. दोन रोग वेगळे आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. नुसती डोकी मोजली तर यातलं एक तरी दिसलं असतं का?

आणि ताई, चार तासांपुढचं काम मोजलं जात नाही हा तुमचा राग मला पूर्ण पटतो. पण ते दाखवायचं असेल तर आधी चार हा आकडा उघड्यावर यायला लागेल ना. आज गावातल्या कितीतरी लोकांना वाटतं की पोस्टमास्तर सरकारी नोकर, दिवसभराचा पगार घेतो आणि दुपारी कुलूप लावतो. त्यांना कळू दे की पैसे चारच तासांचे आहेत.

कोकणातली_वैशाली

हे मात्र खरं आहे, लोकांना माहीतच नसतं. दुपारी तीनला येऊन दार वाजवतात आणि उघडलं नाही की बोलतात.

पण करदाता म्हणाले की जादा तास मोजणार कोण, त्याचं उत्तर त्या डिव्हाइसमध्येच आहे. प्रत्येक व्यवहाराची वेळ आपोआप पडते. दिवसाचा पहिला व्यवहार आणि शेवटचा व्यवहार काढा, फेल झालेले पण काढा, महिनाभराचं बघा. सासऱ्यांनी काही लिहून द्यायची गरजच नाही. हे मशीन खात्यानेच दिलंय आणि माहिती खात्याकडेच आहे.

करदाता_पुणे

पहिला व्यवहार दहाला आणि शेवटचा पाचला म्हणजे सात तास काम झालं असं होत नाही. मधे तीन तास कोणी आलंच नसेल तर? व्यवहाराचे मिनिटं मोजा, मला मान्य आहे, फेल झालेलेपण धरा, तेही मान्य. पण वाट बघत बसण्याचे पैसे करदात्याने का द्यायचे? जिथे काम खरंच कमी आहे तिथे दोन बीओ (ब्रँच ऑफिसं) मिळून एक करा, एका ठिकाणी नीट आठ तासांचा माणूस द्या, त्याला पूर्ण पगार द्या. अर्धवट चार तासांच्या दोन जागांपेक्षा हे त्या माणसासाठीपण चांगलं आहे.

जुना_सॉर्टर

करदाता साहेब, काउंटर उघडा ठेवणं हेच तर काम आहे. कोणी आलं नाही तरी कॅश जपायची, हिशोब जुळवायचा आणि दार उघडं ठेवायचं. टाइम टेस्टमध्येसुद्धा हे नीट बसत नाही, तिथे फक्त झालेल्या कामाला मिनिटं आहेत, आणि माझी त्या पद्धतीबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच राहिली. पत्रं कमी झाली तशी मिनिटं कमी झाली, पण बँकेचं काम पोस्टात आलं, २०१८ च्या सप्टेंबरपासून पोस्टाची पेमेंट्स बँक आली, त्या कामात बोलणं, समजावणं, फॉर्म भरून देणं जास्त. अंगठा उठायला लागणारा वेळ कोणत्या तक्त्यात आहे सांगा.

कोकणातली_वैशाली

आणि एकत्र करायचं म्हणताय तर एवढं बघा. आमच्या शेजारचं बीओ नकाशावर तीन किलोमीटर आहे आणि मधे खाडी. रस्त्याने वळसा घालून जायचं तर एसटी दिवसातून दोनदा. आज चालत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा एका व्यवहारासाठी अख्खा दिवस जाईल, आणि तुमच्या आठ तासांच्या ऑफिसचे पगारी तास कागदावर एकदम भरलेले दिसतील. त्या माणसाने घालवलेले तास कुठल्या रकान्यात लिहायचे ते पण ठरवा मग.