बंध तुटताना ऊर्जा मिळते की लागते? दोन विषयांच्या वह्यांत दोन उत्तरे

शाळेची_पायरी

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञानाला आहे. मागच्या आठवड्यात तिने आपल्या दोन वह्या माझ्यासमोर उघडून ठेवल्या. रसायनशास्त्राच्या वहीत लिहिले होते, ‘बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते आणि बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते.’ जीवशास्त्राच्या वहीत एटीपीबद्दल, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूबद्दल, लिहिले होते, ‘एटीपीच्या रेणूतील शेवटचा फॉस्फेट बंध तुटला की त्यात साठवलेली ऊर्जा मुक्त होते.’ तिने विचारले, “आई, यातले खरे कोणते?”

मला उत्तर देता आले नाही, आणि याचे वाईट अधिक वाटले, कारण दुसरे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. त्याच्याशेजारी मी दाबून बांधलेल्या स्प्रिंगचे चित्रही काढते: दोरा कापला की स्प्रिंग उसळते, तसा बंध तुटला की ऊर्जा उसळते. हे चित्र चुकीचे असेल तर मला ते मुळापासून बदलायचे आहे. मला नुसते सूत्र नको आहे. दोन अणू एकमेकांकडे ओढले जातात ते कशामुळे, ते जवळ आल्यावर ऊर्जा बाहेर का पडते, आणि तसे असेल तर एटीपीचे काय, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रयोगवही

बाई, मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि तुमची अडचण माझ्या वर्गात दरवर्षी नव्याने यायची. मुलीच्या रसायनशास्त्राच्या वहीतले वाक्य बरोबर आहे. तिच्या अभ्यासक्रमात येणाऱ्या प्रत्येक बंधाला ते लागू पडते आणि एटीपीतला बंधही त्याला अपवाद नाही.

स्प्रिंगऐवजी चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधले दोन गोल चुंबक मिळाले तर उत्तम. विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून एक चुंबक टेबलावर घट्ट धरा आणि दुसरा बोटांनी हळूहळू जवळ सरकवा. चार-पाच बोटांच्या अंतरावर काहीच जाणवत नाही, मग किंचित ओढ लागते, आणि एका अंतरानंतर तो हातातून निसटून टक्कन जाऊन आदळतो. तो आवाज, आणि आदळल्यामुळे निर्माण झालेली थोडीशी उष्णता, ही चुंबक जुळताना बाहेर पडलेली ऊर्जा आहे. आता ते वेगळे करून पाहा. त्यासाठी मनगटाला जोर लावावा लागतो, म्हणजे ऊर्जा तुम्ही देता. जुळलेल्या चुंबकांच्या मधे ऊर्जा भरून ठेवलेली नसते. ते दूर असताना त्या जोडीची जी स्थितिज ऊर्जा होती, तीच जुळल्यावर कमी झालेली असते.

अणूंमध्ये ही ओढ विद्युत बलाची असते. वस्तुमानामुळे होणारे गुरुत्वाकर्षण येथे हिशोबातही धरावे लागत नाही, कारण प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यामधले विद्युत आकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० च्या ३९ व्या घाताइतक्या पटींनी मोठे आहे. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या केंद्रकाकडेही ओढला जातो आणि दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांचे होऊन जातात. स्थितिज ऊर्जा घसरत जाते आणि केंद्रकांमधील अंतर ७४ पिकोमीटर झाले की तळ लागतो. त्याहून जवळ गेल्यास केंद्रकांमधले प्रतिकर्षण वरचढ होते आणि ऊर्जा पुन्हा झपाट्याने चढू लागते. हा आलेख विहिरीसारखा दिसतो. विहिरीची खोली, म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, एका मोलला (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ४३६ किलोज्यूल आहे.

हेलियमच्या दोन अणूंचा आलेख काढला तर तोही असाच खाली जातो, कारण उदासीन अणूंमध्येही इलेक्ट्रॉनांच्या वितरणातील क्षणिक असमतोलामुळे क्षीण आकर्षण असते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी त्याचे स्पष्टीकरण १९३० च्या सुमारास दिले. मात्र या खड्ड्याची खोली मोलमागे जेमतेम ०.०९ किलोज्यूल आहे, तर खोलीच्या तापमानाला अणूंच्या धडकांमधून सहज मिळणारी ऊर्जा २.५ किलोज्यूलच्या आसपास असते. त्यामुळे हेलियमचे अणू एकत्र राहू शकत नाहीत आणि तो द्रव व्हायला उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. बल एकच, विद्युत. फरक आहे तो विहिरीच्या खोलीचा.

एक गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि ती गाळली की सगळे चित्र अधांतरी राहते. पोकळीत हायड्रोजनचे दोनच अणू एकमेकांवर आले, तर त्यांचा रेणू सहसा होत नाही. घर्षण नसलेल्या कढईच्या काठावरून गोटी सोडली तर ती तळाशी थांबत नाही, वेगाने तळ ओलांडून समोरच्या काठापर्यंत चढते आणि तशीच परत येते. दोन अणूंचेही तसेच होते: जवळ येताना स्थितिज ऊर्जा घटते तेवढी गतिज ऊर्जा वाढते, आणि त्या वेगानेच ते पुन्हा दूर जातात. तळाशी स्थिरावायचे असेल तर ती जादा ऊर्जा कोणी तरी उचलून न्यावी लागते, मग तो जवळून जाणारा तिसरा अणू असो किंवा भांड्याची भिंत. ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशात हायड्रोजनचे रेणू प्रामुख्याने धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर तयार होतात, ते याच कारणाने. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर ‘पडते’ असे म्हणण्यापेक्षा, ती बाहेर गेल्याशिवाय बंध टिकतच नाही, असे मुलांना सांगावे.

ठिणगी

मी वेल्डिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून वरच्या मुद्द्याला एक प्रत्यक्ष पुरावा जोडतो. आयर्विंग लँगम्यूर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या कामातून १९२० च्या दशकात आण्विक हायड्रोजन वेल्डिंग नावाची पद्धत निघाली. टंगस्टनच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये विजेचा आर्क पेटवतात आणि त्यातून हायड्रोजन सोडतात. आर्कची ऊर्जा घेऊन हायड्रोजनचे रेणू तुटतात आणि सुटे अणू धातूच्या पृष्ठभागावर पोचल्यावर पुन्हा जोड्या जमवतात. जोड्या जमताना जी उष्णता बाहेर पडते तिने धातू वितळतो, आणि ती इतकी तीव्र असते की टंगस्टनसारखा ३४०० अंशांना वितळणारा धातूही या ज्योतीत वितळवता येतो. ही पद्धत आता क्वचितच वापरली जाते, तरी तुमच्या प्रश्नाचे दोन्ही अर्धे भाग तिच्यात एकाच यंत्रात दिसतात: आर्कमध्ये बंध तोडायला वीज खर्च होते आणि धातूवर बंध जुळताना तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हाती येते.

शाळेची_पायरी

आपल्या दोघांची मनापासून आभारी आहे. चुंबकाचा प्रयोग मुलीबरोबर आजच केला. तिचे बोट दोन चुंबकांत चिमटले, पण त्यानंतर तिला काहीही वेगळे सांगावे लागले नाही. आता तिचाच पुढचा प्रश्न विचारते. बंध तोडायला ऊर्जा लागते, तर स्वयंपाकघरातला गॅस जळताना इतकी उष्णता कोठून येते? आपण तर म्हणतो की इंधनात ऊर्जा साठवलेली असते.

प्रयोगवही

नळाने येणारा गॅस घेऊ, कारण तो मुख्यतः मिथेन असतो आणि हिशोब सोपा पडतो. मिथेनच्या एका मोलसाठी ऑक्सिजनचे दोन मोल लागतात. तोडायचे बंध असे: कार्बन-हायड्रोजनचे चार, प्रत्येकी ४१३, म्हणजे १६५२, ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. एकूण खर्च २६४८ किलोज्यूल. नव्याने होणारे बंध असे: कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे १५९८, पाण्याच्या दोन रेणूंमधले ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार, प्रत्येकी ४६३, म्हणजे १८५२. एकूण जमा ३४५०. शिल्लक ८०२ किलोज्यूल, आणि पाणी वाफेच्या रूपात राहिले असता प्रत्यक्ष मोजलेली उष्णताही जवळजवळ तेवढीच आहे. मुलीला हा हिशोब स्वतःच्या हाताने करू द्या. खर्च आधी आणि जमा नंतर हा क्रम तिला दिसला, की लायटरची ठिणगी कशाला लागते हेही उलगडेल: पहिल्या काही रेणूंचे बंध सैल करण्यापुरती ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, आणि पुढच्या रेणूंचा खर्च आधीच्यांच्या जमेतून भागतो.

‘इंधनात ऊर्जा साठवलेली असते’ या वाक्याला माझा आक्षेप आहे, कारण त्यात ऑक्सिजनचा विसर पडतो. वरचे आकडे पुन्हा पाहा. ऑक्सिजनचा बंध दुहेरी असूनही केवळ ४९८ चा आहे, तर कार्बन डायऑक्साइडमधला दुहेरी बंध ७९९ चा. उथळ विहिरीतून निघून खोल विहिरीत उतरण्याची संधी मिळते ती मुख्यतः ऑक्सिजनच्या अणूंना. म्हणूनच निरनिराळ्या इंधनांची उष्णता ऑक्सिजनच्या प्रत्येक मोलमागे मोजली तर ती एकमेकींच्या जवळ येते: मिथेनला सुमारे ४०१ किलोज्यूल, सिलिंडरमधल्या प्रोपेनला सुमारे ४०९. सिलिंडर एकटा नायट्रोजनने भरलेल्या खोलीत उघडला तर एक पणतीसुद्धा पेटणार नाही. ऊर्जा इंधन आणि ऑक्सिजन या दोघांच्या मिळून असलेल्या मांडणीची असते, एकट्या इंधनाची नव्हे.

पेशीकेंद्र

मी जैवरसायनशास्त्रात संशोधन करते, त्यामुळे एटीपीचा भाग माझ्याकडे घेते. या गोंधळात मोठा वाटा एका शब्दाचा आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये ‘उच्च ऊर्जा फॉस्फेट बंध’ ही संज्ञा वापरात आणली आणि त्यासाठी नागमोडी रेघेचे चिन्ह योजले. त्यांचे म्हणणे त्या बंधाच्या जलअपघटनातून, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन तो तुटण्यातून, किती ऊर्जा उपलब्ध होते, याविषयी होते. पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गांतून पुढे जाताना मात्र ती रेघ ऊर्जेने फुगलेल्या बंधासारखी दिसू लागली.

प्रत्यक्षात एटीपीतला शेवटचा फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तोडायला ऊर्जा लागते. पण तो बंध एकटा तुटत नाही. त्याच अभिक्रियेत पाण्याच्या रेणूतला एक बंध तुटतो, सुटणाऱ्या फॉस्फेटला पाण्यातला ऑक्सिजन जोडला जातो, आणि जमाखर्चात जमेची बाजू जड होते. जड का होते, याची कारणे तुमच्या विद्यार्थ्यांनाही समजतील अशी आहेत. पेशीतल्या परिस्थितीत एटीपीच्या तीन फॉस्फेट गटांवर मिळून जवळपास चार ऋण प्रभार दाटीवाटीने असतात आणि ते एकमेकांना ढकलतात. एक गट सुटला की ही दाटी कमी होते. सुटलेल्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉनांना पसरायला अधिक वाव मिळतो. शिवाय सुट्या झालेल्या आयनांना पाण्याचे रेणू अधिक चांगले वेढतात, आणि हे वेढणे म्हणजेही नव्या आकर्षणांची जमा. या सर्वांतून प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. पेशीत एटीपीचे प्रमाण समतोलाच्या मानाने फारच जास्त राखलेले असते, म्हणून तेथे हा आकडा ५० च्या घरात जातो.

तुमच्या स्प्रिंगच्या चित्रात एक अंश खरा आहे, तो म्हणजे त्या ऋण प्रभारांची ढकलाढकली. परंतु त्यांना एकत्र धरून ठेवणारा बंध हा त्या चित्रातला दोरा आहे, स्प्रिंग नव्हे, आणि दोरा कापायला कात्री चालवावीच लागते. याच कारणाने शुद्ध पाण्यात ठेवलेले एटीपी आपोआप झटकन विघटित होत नाही; त्याला विकर (एन्झाइम) लागते.

शाळेची_पायरी

दोरा आणि स्प्रिंग यांतला फरक माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. मी ऊर्जा दोऱ्याच्या नावावर लिहीत होते. सोमवारी नववीच्या वर्गात श्वसनाचा धडा आहे आणि फळ्यावर पुढील वाक्य लिहायचे ठरवले आहे. कृपया तपासून द्यावे: ‘एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होताना जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा नवे बंध आणि नवी आकर्षणे तयार होताना मिळते, ही शिल्लक पेशी कामासाठी वापरते.’

पेशीकेंद्र

नववीसाठी हे वाक्य योग्य आहे. एक शब्द मात्र बदला: ‘पाण्याशी’ऐवजी ‘पाण्याशी किंवा दुसऱ्या रेणूशी’ असे लिहा. स्नायूंमध्ये एटीपीची अभिक्रिया पाण्याशी होते, पण पेशीतल्या अनेक अभिक्रियांत फॉस्फेट गट पाण्याला न देता थेट दुसऱ्या रेणूला दिला जातो. ग्लुकोज पेशीत आल्यावर पहिल्याच पायरीला त्याला फॉस्फेट मिळते ते असेच, आणि अकरावीच्या मुलीला ती पायरी पुढे अभ्यासायचीच आहे.